महानंदाची ढाब्यावरची शाळा

महानंदा, तुझा फोटो दप्तरावर आला आहे.

काल तुझी शोकसभा होती. तालुक्याच्या गावातला एक हॉल, भाड्याच्या खुर्च्या, स्टेजवर तुझा हार घातलेला फोटो आणि त्या फोटोला पाठ करून बसलेली सात-आठ मोठी माणसं. पहिला वक्ता तुला शेवटपर्यंत 'मंदाताई' म्हणाला. दुसऱ्यानं आपली शाळा भलत्याच गावात नेऊन ठेवली. तिसऱ्यानं पुराच्या दिवशी आपण स्वतः गुडघाभर पाण्यात कसे उतरलो ते सांगितलं. गुडघाभरच, कारण त्याच्यापुढं फोटोवाला यायला तयार नव्हता. मग आपल्या लेकरांना रांगेत उभं केलं आणि 'स्वर्गीय बाईंच्या स्मरणार्थ' प्रत्येकाला एक निळं दप्तर दिलं. दप्तरावर तुझा फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही कुणाच्या तरी लग्नातला. शेजारी देणाऱ्याचा फोटो, हाताच्या पंजाएवढा. मापावरून बघितलं तर गेले ते साहेबच, असं कुणालाही वाटेल. मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला, तर शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

तू असतीस तर उठून गेली असतीस. मी बसून राहिले. मी नेहमीच बसून राहते, हे तुझं माझ्याबद्दलचं जुनं मत.

दप्तर म्हटलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची. सहा वर्षं आपण एका शाळेत काढली, दोन खोल्यांची, दोन बायांची जिल्हा परिषदेची शाळा. मी मोठ्या बाई, तू धाकट्या बाई. तू मुरुमच्या पलीकडची, घरात कानडी बोलणारी, म्हणून मी तुझी पहिल्या दिवसापासून अक्का. पहिली पाच वर्षं दप्तराचं प्रकरण मला ठाऊकच नव्हतं. मांजरेचं पाणी गावात शिरलं, शाळेत कंबरभर गाळ बसला, अख्खं गाव हायवेच्या बाजूला येऊन राहिलं आणि मदतीचा पहिला टेम्पो आला, तेव्हा ते मला कळलं. टेम्पोतून दप्तरं उतरली. मी म्हटलं, चला, काहीतरी आलं. तू टेम्पोच्या फाळक्यापाशी उभी राहून विचारलंस, "आणि पुस्तकं?" ते म्हणाले, पुस्तकं नंतर. तू म्हणालीस, "मग ही पोत्यासारखी कशाला वापरायची? कांदं भरायला?"

त्या दिवशी तू मला तुझा भूकंप सांगितलास. सहा वर्षांत पहिल्यांदा आणि एकदाच.

"मी चौथीत होते, अक्का. घर गेलं, आज्जी गेली. त्या सालात मला सात दप्तरं मिळाली. सात! कंपासपेट्या किती, ते न्हाय सांगत. आन मास्तर? वरीसभर मास्तर न्हाय. मंग काकानं शहरातल्या शाळंत घातलं. तितं माझं नावच पडलं, भूकंपवाली. भूकंपवालीला मागं बसवा, तिला काय विचारू नका, ती बिचारी हाय. बिचारीला कुणी भागाकार शिकवत्यात का? मला भागाकार यायला डी.एड. लागलं बघा."

तू हे हसत सांगितलंस. मीही हसले. देवा, मी हसले आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं, की म्हणून या पोरीचं गणित कच्चं आहे होय.

लेकरं एकवीस होती. आधी त्यांना येरमाळ्याच्या अलीकडं एका मंगल कार्यालयात बसवलं. मालकानं आपल्याच हॉलचं पुन्हा एकदा उद्घाटन करून घेतलं. नवरा-नवरीच्या लाल खुर्च्यांवर पाहुणे बसायचे, लेकरं खाली सतरंजीवर, आणि मागं थर्माकोलची मोठी 'शुभविवाह' अक्षरं. तू दुसरीच्या पोरांना त्या अक्षरांतून 'भ' आणि 'ह' शिकवलास. तुळशीची लग्नं लागली, माणसांचे मुहूर्त सुरू झाले आणि मालकाची करुणा त्या दिवशी संपली. "मॅडम, तारखा बुक आहेत हो," एवढं म्हणून त्यांनी आपल्या सतरंज्या पायरीवर आणून ठेवल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांनी त्यांचा सत्कार केला होता ते सगळे नंतर त्याच हॉलमध्ये लग्नाला जेवून आले.

मग तुला तो बंद पडलेला ढाबा सापडला.

मी तर कपाळाला हात लावला होता. पत्र्याचं छत, एका बाजूला भिंत नाही, कोपऱ्यात विझलेली भट्टी, आणि जी एक धड भिंत होती तिच्यावर लाल रंगात सगळा मेनू. दाल तडका, शेवभाजी, आख्खा मसूर, अंडा करी. मी म्हटलं, आधी चुना मारून घेऊ. तू म्हणालीस, "अक्का, वेड लागलं का तुमाला? एवढं मोठं पुस्तक फुकट मिळालंय." आणि खरंच तू त्यावर पहिली शिकवलीस. पुस्तकं आलेली नव्हती. दप्तरं मात्र माणशी तीन झाली होती. लेकरं रिकामी दप्तरं अंगाखाली घेऊन बसायची आणि भिंतीवरचं वाचायची. 'दाल'ला काना, 'शेव'ला मात्रा, 'तडका'तला ड. तू जन्मात अंड्याला हात न लावलेली लिंगायताची लेक, आणि छडीनं 'अंडा करी'वर टकटक करून म्हणायचीस, "ह्याच्यात अनुस्वार कुठं हाय ते दावा." मी तुला चिडवायची, की गावाकडं कळलं तर तुला वाळीत टाकतील. तू म्हणायचीस, वाचायला पाप न्हाय, खायला हाय.

तपासणीला साहेब आले, तो दिवस मी विसरणार नाही. त्यांनी पहिलीतल्या एका पोरीला उभं केलं आणि वाचायला सांगितलं. पोरगी भिंतीकडं वळली आणि 'दाल तडका'पासून 'ऑर्डर देऊन वीस मिनिटे थांबावे'पर्यंत एका दमात वाचून गेली. साहेबांचा चेहरा असा झाला, जणू त्यांच्याच ताटात कुणी हात घातला असावा. "हा कुठला अभ्यासक्रम?" ते म्हणाले. तू हात जोडून म्हणालीस, "साहेब, पुस्तकं यीऊ द्या, मंग पुस्तकातला." साहेबांनी माझ्याकडं शेऱ्याचं पुस्तक मागितलं आणि 'परिसर शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य' असं लिहिलं. परिसर! पोरगी जोडाक्षरं वाचते, हे त्यांच्या शेऱ्यात कुठंच नव्हतं.

पण तुझा खरा राग चित्रवाल्यांवर होता. शहरातून गट यायचे. टी-शर्ट एकसारखे, आवाज मऊ. लेकरांच्या मनावर झालेला आघात बाहेर काढायचा म्हणून ते कागद-खडू वाटायचे आणि सांगायचे, पुराचं चित्र काढा. एक गट गेला की दुसरा, त्यांनाही पूरच हवा. चौथ्या वेळी तिसरीतल्या एकानं हात वर करून विचारलं, "पाणी किती काढू, मागल्या टायमाएवढंच का?" त्या गटातल्या ताईंना वाटलं, लेकरू व्यक्त होतंय. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. तू मात्र त्यांच्या देखत कागद गोळा केलेस आणि म्हणालीस, "आता सगळ्यांनी आंबा काढा." मग माझ्याकडं बघून कानडीत काहीतरी पुटपुटलीस. अर्थ विचारला तर म्हणालीस, तुमी म्हाताऱ्या, तुमाला सांगण्यासारखं न्हाय.

हे सगळं लिहिताना वाटतं, आपलं किती जमायचं. जमायचंच. या माणसांची टिंगल करायला मला तुझ्याइतकं चांगलं माणूस आयुष्यात मिळालं नाही. आपलं बिनसलं ते या माणसांवरून नाहीच, ते अश्विनीवरून.

अश्विनी पाचवीतली. वर्गात ती एकटीच पाचवीची, बाकी सगळे खालचे. तिला गणिताची भूक होती, आणि तुझं-माझं दोघींचं गणित तिच्यापुढं थिटं पडायला लागलं होतं. अपूर्णांकांची बेरीज तू तिला भाकरीचे तुकडे मांडून शिकवलीस, भागाकार आला तेव्हा तू म्हणालीस, थांब, उद्या बघून येते. दीड मैलावर हायवेवरच्या मोठ्या गावात हायस्कूल होतं. तिथं पाचवी होती, गणिताला वेगळे सर होते, आणि त्याच आवारात लहानांचीही शाळा होती. मी म्हटलं, अश्विनीच कशाला, सगळ्यांनाच तिकडं घालू. किती दिवस ढाब्यावर बसवणार?

तू एकदम ताठ झालीस. "तितं ती पूरवाली हुईल."

"होऊ दे चार दिवस. नंतर विसरतील."

"न्हाय विसरत. मला इचारा की. ही लेकरं घडाघडा वाचायला, बोलायला लागू द्या. कुणी बिचारी म्हणलं तर उलटं बोलता आलं पायजे. मंग धाडा."

"आणि तोवर त्यांना भागाकार कोण शिकवणार? तू?"

हे मी बोलले. आणि तेवढ्यावर थांबले नाही. म्हटलं, "महानंदा, तू या लेकरांना सांभाळत नाहीस. तू त्या चौथीतल्या महानंदाला सांभाळतेस. तिच्यापायी या पोरीचं वर्ष घालवू नकोस."

तू खडूचा हात पदराला पुसलास आणि पहिलीला 'आख्खा मसूर' वाचायला लावलंस. खरं सांगू? तेव्हा मला वाटलं, बरं झालं, बोलले ते. अजूनही ते सगळं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तू त्या लेकरांभोवती कुंपण घालत होतीस. आतली माया खरी होती, पण कुंपण ते कुंपणच. लोकांना तुझ्या फोटोला हार घालायचा आहे, मला तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहिते.

पुढच्या आठवड्यात तू सासऱ्यांच्या आजारपणासाठी दोन दिवस रजेवर होतीस. अश्विनीची आई ढाब्यावर आली. डोक्यावरची पाटी बाजूला ठेवून म्हणाली, "मोठ्या बाई, पोरगी रोज घरी रडती. म्हंती मला कुणी पुढचं गणित सांगंना. तितं सर हायत म्हंत्यात. दाखला द्या की. धाकट्या बाई आल्या की दिऊ द्यायच्या न्हाईत."

मी दिला. तू येईपर्यंत थांबता आलं असतं. थांबले नाही, कारण तू आलीस की पुन्हा भूकंप ऐकावा लागला असता. शाळा सोडल्याच्या दाखल्याचं पुस्तक काढलं, माझ्या त्या प्रसिद्ध वळणदार अक्षरात एकेक रकाना भरला, सही केली, शिक्का मारला. हजेरीतून नाव कमी केलं. तू परत आलीस, हजेरी घेतलीस, अश्विनीच्या नावावरची लाल रेघ बघितलीस. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. तू पुढचं नाव घेतलंस.

त्यानंतर आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. "मोठ्या बाईंना सांगा, खडू संपले." "मोठ्या बाईंना विचारा, मस्टर कुठं हाय." मोठ्या बाई तीन हातांवर बसलेल्या. लेकरं निरोप्यासारखी इकडून तिकडं. मीही माझा हेका सोडला नाही. मी पंचवीस वर्षं मुख्याध्यापक असलेली बाई, मी का आधी बोलू? येईल आपणहून, म्हटलं. नवव्या दिवशी, रविवारी सकाळी तुझ्या नवऱ्याचा फोन आला. चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच पडली, म्हणाले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईचं काळीज असं थांबतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुझ्या घरी आले. तुमच्या रीतीनं तुला बसवून, कपाळाला विभूती लावून ठेवलं होतं. तुझी तोंडाची घडी तशीच होती, बोलायचं नाही ठरवल्यासारखी. मला मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बघ, शेवटपर्यंत हट्टी. मग रडू आलं आणि ते तुझ्या जावेनं आवरलं, मला आवरलं नाही.

तू गेल्यावर आठवडाभरानं मी हायस्कूलला गेले. अश्विनीला बघायला म्हणून, असं सांगितलं. खरं म्हणजे मला तुझ्यावर कुरघोडी करायची होती. पोरगी चांगली रमलेली बघायची, आणि तुला मनातल्या मनात सांगायचं, की बघ.

वर्गात पाहुणे होते. कुठल्या तरी मंडळाचे, गळ्यात ओळखपत्रं. वर्गशिक्षक तरुण, भला माणूस. त्यांनी हाक मारली, "पूरग्रस्त विद्यार्थिनी, पुढं ये." अश्विनी उठली. हात मागं बांधले आणि सुरू झाली. माझं नाव अश्विनी. मी पूरग्रस्त आहे. पाणी आलं तेव्हा आई भाकरी करत होती. आमचं घर वाहून गेलं, वह्या वाहून गेल्या, आमच्या दोन शेळ्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. एक बाई डोळे पुसायला लागल्या. एकांनी मोबाइल वर धरला. पाहुण्यांनी दप्तर दिलं. निळंच होतं. अश्विनी 'धन्यवाद' म्हणून जागेवर बसली, पहिल्या बाकावर, एकटी, दाखवायला सोपं पडावं म्हणून.

महानंदा, अश्विनीच्या घरी शेळ्या नव्हत्याच.

पाहुणे गेल्यावर मी त्या मास्तरांना बाजूला घेतलं आणि मला येतं तेवढं बोलले. पोरीचा तमाशा मांडलाय, लाजा नाहीत, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, वरून विचारणा आली की पूरग्रस्त विद्यार्थ्यांची यादी द्यावी लागते. ऑफिसनं दाखले बघून यादी केली. तुम्हीच लिहिलंय की तिच्या दाखल्यावर."

मी दाखला बघायला मागितला. त्यांनी फाइल उघडली. 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पूरग्रस्त'. मी भरलं तेव्हा मला एवढंच वाटलं होतं, की आपण खरं ते लिहावं. माझा तो अभिमानच ना, की मी कागदावर खोटं लिहीत नाही आणि रकाना मोकळा सोडत नाही. त्याच वर्गात शेजारच्या गावच्या दोघी बहिणी होत्या. त्यांचंही घर गेलेलं, त्यांनाही पुरानंच इथं आणलेलं. पण त्यांच्या गुरुजींनी, ज्यांना मी आजवर आळशी म्हणून हिणवत आले, डोकं न वापरता सगळ्यांच्या दाखल्यावर लिहितात तेच लिहून टाकलं होतं, 'पुढील शिक्षणासाठी'. त्या दोघींची नावं यादीत नव्हती. पाहुणे आले तेव्हा त्या मागच्या बाकावर बसून गणितं सोडवत होत्या आणि त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

शोकसभेतल्या माणसांना मी एवढी नावं ठेवली. त्यांनी दप्तरं वाटली. नाव मी दिलं होतं, सही-शिक्क्यानिशी.

अश्विनीला बाहेर बोलावलं. म्हटलं, "चल माझ्याबरोबर, परत आपल्या शाळेत." ती माझ्याकडं असं बघायला लागली, जणू मीच वेड्यासारखं बोलतेय.

"कशाला, बाई?"

"हे असं रोज उठून सांगायला लागतं ना तुला."

"रोज न्हाय. आठवड्यातनं एकदा-दोनदा. शेळ्या सांगितल्या की ते लई हळहळतेत, आन लवकर जातेत. मंग सर अपूर्णांकाचा भागाकार घेतेत." मग जरा थांबून म्हणाली, "पण बाई, तेवढ्यात निम्मा तास जातो. मागच्या पोरींचा न्हाय जात."

ती रडली नाही, तिनं तक्रारही केली नाही. दहा वर्षांच्या पोरीनं मोठ्या माणसांची किंमत करून टाकली होती आणि तिला फक्त तिचा निम्मा तास हवा होता. मी नवा दाखला लिहून देते म्हटलं. ती 'बरं' म्हणाली आणि वर्गात पळाली. तू हवी होतीस तेव्हा. तुला वाटत होतं पोरी बोलायला शिकल्या पाहिजेत. ही शिकली होती, आणि ते तूच शिकवलं होतंस. मला वाटत होतं तिला गणिताचे सर मिळाले पाहिजेत. ते मिळाले होते. तुझं-माझं दोघींचं खरं ठरूनही पोरगी पहिल्या बाकावर एकटी बसली होती.

त्यानंतर आदेश आला. दोन बायांतली एक गेली, म्हणून ढाब्यावरची शाळा बंद. उरलेल्या वीस लेकरांना सोमवारपासून हायस्कूलच्या आवारातल्या शाळेत घालायचं. मी भांडले नाही. भांडणारी तू होतीस. आज सकाळी कालची शोकसभा डोक्यातून झटकून मी ढाब्यावर आले आणि दाखल्यांचं पुस्तक उघडलं. दाखला फाडून दिला की त्याची स्थळप्रत पुस्तकात राहते. आधी अश्विनीचा दुसरा दाखला करू, म्हणून तिची स्थळप्रत काढली.

'पूरग्रस्त' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ होती. बाजूला, समासात, तुझं ते बारीक, तिरपं अक्षर: 'अक्का, एवढं नका लिहू. बाकी ठीक आहे.'

बाकी ठीक आहे.

म्हणजे तू तिला जाऊ दिलं होतंस. दाखला दिला म्हणून तू रुसली नव्हतीस, किंवा रुसून झालं होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द तुझ्या कपाळावर आयुष्यभर होता, म्हणून तुला तो लांबून दिसला. पेनानं लिहिलं असतंस तर माझ्या रेकॉर्डवर खाडाखोड झाली असती आणि मी बोंब मारली असती, म्हणून पेन्सिलीनं लिहिलंस. आणि मग आठ दिवस वाट बघितलीस, की अक्का कधीतरी पुस्तक उघडेल, बघेल आणि बोलेल. पुस्तक टेबलावरच होतं. मी उघडलं नाही, कारण तू माफी मागशील म्हणून मी वाट बघत होते.

मी वीस दाखले लिहिले आहेत, अश्विनीचा धरून एकवीस. कारणाच्या रकान्यात प्रत्येकावर 'पुढील शिक्षणासाठी'. आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावर अर्धं खरं लिहिलं. तुझी पेन्सिलीची ओळ मात्र मी खोडलेली नाही. तपासणीला साहेब आले आणि विचारलं, हे काय, तर सांगीन, की या पुस्तकात बरोबर लिहिलेलं तेवढंच आहे.

सोमवारी त्यांना घेऊन मी स्वतः जाणार आहे. दप्तरं घरी ठेवायला सांगितलं आहे, तुझ्या फोटोचं धरून. हातात वही आणि पेन्सिल, बास. दारात कुणी विचारलंच, की ही पूरवाली का, तर मी आधी बोलणार आहे. तुझ्याशी आधी बोलले नाही, महानंदा. तिथं बोलेन.